आबा ७१ च्या लढाईबद्दल आत्ता कुठं बोलायला लागलेत, कसं विचारू आणि कसं जपून ठेवू?

रहिमतपूरची नात:

नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे पण सातारा सांगलीकडं जवळजवळ प्रत्येक भावकीत एक तरी फौजी निघतोच म्हणून इथं विचारतेय.

माझे आबा, म्हणजे आईचे वडील, मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनला होते, जंगी पलटण. चीनच्या लढाईनंतर यशवंतराव संरक्षणमंत्री झाले आणि मोठी भरती निघाली त्या काळात भरती झालेले. ७१ च्या पाकिस्तानबरोबरच्या लढाईत पूर्वेकडं, आत्ताच्या बांगलादेशात होते. आयुष्यभर घरात एवढंच सांगितलं, "व्हतो तिकडं." बस्स. आज्जीलासुद्धा यापेक्षा जास्त माहीत नव्हतं. आज्जी गेल्यापासून मात्र दुपारचे ओट्यावर बसले की मधूनच काहीतरी बोलतात, नदी, वाळू, ओले बूट, कोणीतरी मागनं धक्का देऊन 'पुढं बग' म्हणत होतं, असं. सलग काहीच नाही. एकदा जमालपूर म्हणाले म्हणून मी शोधून वाचलं, तर अंगावर काटा आला. कमालपूरच्या चौकीला यांच्या ब्रिगेडनं वेढा दिलेला, ती ४ डिसेंबरला शरण आली, मग बक्षीगंज, शेरपूर असं करत ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पाठीमागं जाऊन टांगाईलचा रस्ता अडवला. ब्रिगेडियर क्लेर यांनी आतल्या पाकिस्तानी कर्नल सुलतान अहमदला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली तर त्यानं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून परत पाठवली. आणि १० डिसेंबरच्या रात्री ते लोक वेढा फोडून बाहेर पडायला निघाले ते सरळ मराठ्यांच्या खंदकांवर आले.

हे सगळं पुस्तकातलं. आबांच्या बोलण्यात चिठ्ठी नाही, कर्नल नाही, कुठली तारीख नाही. त्यांच्या बोलण्यात ओले बूट आहेत. आणि मला तेच पाहिजे, कारण पुस्तकातलं तर पुस्तकात आहेच की.

आता अडचण सांगते. मामा म्हणतात म्हाताऱ्याला कशाला छळताय, राहू दे. मामेभावाला १६ डिसेंबरला, विजय दिवसाला टाकायला व्हिडिओ पाहिजे, त्यानं परवा जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, "आबा तुम्ही किती जण मारले?" आबा ताटावरून उठले. त्यानंतर दोन दिवस ओट्यावरसुद्धा आले नाहीत. मला फार वाईट वाटलं. म्हणून विचारतेय, ज्यांच्या घरात असं कोणी आहे किंवा जे स्वतः लढाईत होते त्यांनी सांगा, विचारावं का, आणि विचारायचं तर कसं?

ड्रायव्हर काका शिराळा:

पोरी मी बोलून टाइप करतोय, नातवानं मोबाईलमध्ये करून दिलंय, तेव्हा चुकलं माकलं समजून घे. मी एएससीला होतो, म्हणजे फौजेला माल पोचवणारं खातं, ७१ ला आम्ही पश्चिमेला, सांबा आणि पुढं शकरगडच्या भागात. मी बंदूक चालवून कुणाला मारलं नाही, माझं काम गाडी, शक्तिमान. दारूगोळा पुढं न्यायचा आणि येताना जे मिळतील ते आणायचे, रिकामे खोके, कधी जखमी, कधी त्याहून वाईट.

तुझ्या मामेभावाचा प्रश्न मला पण लोकांनी विचारलाय, लग्नात, एसटीत, एकदा तर दाढी करताना. ज्यानं खरंच लढाई बघितली त्याला हा प्रश्न ऐकू येत नाही, त्याला एकदम तो वास येतो. म्हणून तो उठून जातो. आबा रागावले नसतील, त्यांना तिथनं निघायचं असेल.

मला कुणी विचारलं असतं ना की काका रात्री लाईट न लावता गाडी कशी चालवायची, तर मी रात्रभर सांगितलं असतं. ऐक. ब्लॅकआउट असायचं, हेडलाईट बंद. पुढच्या गाडीच्या मागच्या चाकांच्या मधे डिफरन्सियलचा गोळा असतो, त्याला पांढरा रंग दिलेला असतो आणि त्याच्यावर खालनं एक बारीक बल्ब, तो पांढरा ठिपका बघत चालायचं. ठिपका मोठा झाला की ब्रेक, बारीक झाला की दाब. तेवढंच जग. दोन्ही बाजूला सुरुंग पेरलेले, मधनं इंजिनियरवाल्यांनी वाट साफ करून पांढरी फीत लावलेली, चाक फितीच्या बाहेर गेलं की संपलं. थंडी इतकी की स्टेअरिंगवरची बोटं कळत नव्हती, पण घाम यायचा. आणि त्या भागात मध्ये मध्ये ऊस होता बघ. सरकंड्याचं गवत उंच उंच आणि मधेच उसाचं रान. मला त्या उसाकडं बघवत नव्हतं, घरी तोड आलेली असणार आणि वडील एकटे, हे एवढंच डोक्यात. मरायची भीती नंतर, आधी तोडीची काळजी. आता हे कुठल्या पुस्तकात लिहितील?

म्हणून किती मारले विचारू नको, जिंकल्यावर कसं वाटलं पण विचारू नको. खायला काय होतं विचार. पाय कुठं वाळवायचे, झोप कुठं लागायची, बाजूच्या खड्ड्यात कोण होता, तो कुठल्या गावचा, त्याला काय आवडायचं. तिथनं माणूस आपोआप आत जातो आणि जेवढं सोसतं तेवढंच घेऊन बाहेर येतो.

विट्याचा पप्पू:

काकांना सलाम. पण ताई, मला वाटतं जास्त विचार करत बसू नका, ही पिढी आज आहे उद्या नाही. जे बोलतील ते शूट करा आणि टाका यूट्यूबवर, लोकांना कळू दे आपल्या भागातल्या माणसांनी काय केलंय. माझे आजोबा पण होते फौजेत, आम्ही उद्या उद्या करत बसलो आणि ते गेले, आता घरात नुसता फोटो आहे बिल्ले लावलेला आणि कुठल्या बिल्ल्याचा काय अर्थ ते सांगायला कोणी नाही.

आटपाडीची सून:

पप्पू दादाचं दुःख कळतंय. पण मला दुसरंच सांगायचंय. ताई, तुमची आज्जी गेली असं लिहिलंय, तिला काही माहीत नव्हतं असं पण लिहिलंय. तिला लढाईचं माहीत नसेल, पण त्या डिसेंबरचं तिला सगळं माहीत असणार. तिच्या बरोबरीच्या बायका, जावा, शेजारणी कोणी असतील तर त्यांना आधी विचारा, कारण हे विचारायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही.

माझ्या सासूबाई सांगतात. पत्त्यावर गाव नसायचं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली ५६ एपीओ नाहीतर ९९ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. माणूस कुठं आहे ते पत्रात लिहायला बंदी. पण बायकांनी शोधून काढलेलं की ५६ म्हणजे पश्चिमेकडं आणि ९९ म्हणजे पूर्वेकडं, तेवढ्यावर दिशा धरायची आणि रेडिओला कान लावायचा. रेडिओ अख्ख्या आळीत एक. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, गुरुजी पत्र वाचून दाखवायचे, मग सासरे बिचारे गुरुजींसमोर वाचलं जाईल म्हणून सगळं बैलाचं आणि पेरणीचंच लिहायचे. शेवटी एक ओळ असायची, "जास्त काय लिहू, तुला सर्व समजते." सासूबाई गुरुजींना तेवढी ओळ परत वाचायला लावायच्या आणि गुरुजी पण न बोलता वाचायचे.

तार ही सगळ्यात वाईट. पोस्टमनची सायकल गल्लीत वळली की बायका हातातलं काम थांबवायच्या, घंटी पुढं गेली की परत सुरू. १६ डिसेंबरला ढाक्याला ९३ हजार शरण आले, गावात गूळ वाटला, मिरवणूक निघाली, आणि सासूबाई घरात बसलेल्या, कारण लढाई जिंकली हे कळलं होतं पण आपला माणूस आहे का नाही हे कळलं नव्हतं. पत्र यायला जानेवारी उजाडला.

आणि पुढचं ऐका. लगेच पुढच्या वर्षी बहात्तरचा दुष्काळ. सासरे सुट्टीवर आले तर बायको दुष्काळी कामावर खडी फोडतेय आणि पोरगं बाजूला सुकडी खात बसलंय. मनीऑर्डर येत होती हो, पण खाणारी तोंडं किती आणि बाजारात धान्यच नाही. सासरे लढाईत रडले नाहीत ते तिथं रस्त्याच्या कडेला बसून रडले. आमच्या घरात ७१ ची गोष्ट निघाली की ती नेहमी ७२ मध्ये जाऊन थांबते. म्हणून म्हणते, आबांना लढाईच्या आधीचं विचारा, लढाईच्या नंतरचं विचारा. घरी आले तेव्हा पहिल्यांदा कोण भेटलं, घरातलं काय बदललेलं होतं. मधलं आपोआप येईल. नाही आलं तरी हे पण लढाईचंच आहे.

ड्रायव्हर काका शिराळा:

सूनबाई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. माझ्या घरची पण गत हीच.

पप्पू, तुझी तळमळ खरी आहे पण यूट्यूबवर टाकायच्या आधी एक गोष्ट ऐक. माझ्याबरोबर एक दोस्त होता, आपल्याच भागातला, गाव सांगत नाही. तो गेला तेव्हा मी तिथंच होतो. सुट्टीवर आल्यावर त्याच्या आईला भेटायला गेलो. तिनं एकच विचारलं, "लई सोसलं का रं त्यानं?" मी म्हणालो, "नाही आई, कळलंच नाही त्याला काय झालं ते." ती म्हणाली बरं झालं. मी तिथंच भाकरी खाल्ली आणि निघालो. मी तिला खरं सांगितलं नाही आणि मी ते बरोबर केलं, आज पण माझं तेच म्हणणं आहे. ती माऊली आता नाही, पण त्याची भावंडं आहेत, पुतणे आहेत, त्यांच्या हातात पण मोबाईल आहे.

आमच्यातले कितीतरी जण याच्यामुळं गप्प असतात. आम्हाला आठवत नाही असं नाही, बोलायला लाज वाटते असं पण नाही. दुसऱ्याच्या घरातलं दुःख आमच्याकडं ठेवायला दिलेलं आहे. तुझे आबा 'पुढं बग' म्हणणाऱ्याचं बोलतात ना, तो कोण होता आणि परत आला का, हे त्यांनी आपणहून सांगेपर्यंत विचारू नको. आणि सांगितलं तर ते तुझ्याजवळ ठेव. लिहून ठेव, पण नाव गाव जगाला दाखवू नको.

शाळामास्तर साताराकर:

सगळ्यांचं वाचून राहवलं नाही. मी निवृत्त शिक्षक, पोरांना घेऊन गावातल्या फौजींच्या आठवणी लिहून घ्यायचं काम आम्ही शाळेत केलंय, त्यातनं जे कामाचं वाटतं ते सांगतो.

आधी हे का करायचं ते. आपल्या जिल्ह्यात अपशिंगे आहे, गावाचं नावच मिलिटरी अपशिंगे पडलंय. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, स्मारकाचा दगड आहे. पण त्या माणसांनी काय बघितलं याचं एक वाक्य आपल्याकडं आहे का? मेसोपोटेमियात, म्हणजे आत्ताच्या इराकमध्ये, कूतच्या वेढ्यात सहावी पूना डिव्हिजन अडकली, तिच्यात मराठा पलटणी होत्या, महिने न महिने उपासमार, शेवटी २९ एप्रिल १९१६ ला शरणागती आणि मग वाळवंटातनं कैदी म्हणून पायपीट, कितीतरी वाटेतच मेले. त्यातनं आमच्या भागात परत आलेले म्हातारे असणारच ना, ओट्यावर बसलेले असणार, तुटक तुटक बोलत असणार. त्यांना विचारणारं कोणी भेटलं नाही. दुसऱ्या महायुद्धाचं तसंच, इरिट्रियात केरेनच्या डोंगरावर, इटलीत, मणिपूरकडं सांगशाकला मराठे लढले, आणि आज त्यांच्या नातवाला आजोबा "परदेशात होते" एवढंच माहीत. त्या दोन्ही युद्धांत गेलेल्यांची निदान नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाईटवर सापडतात, पुष्कळदा बापाचं नाव आणि गाव सुद्धा असतं, ज्यांच्या घरात अशी माणसं होती त्यांनी जरूर बघा. पण जे जगून परत आले त्यांचं त्यात काही नाही, त्यांचं जे काही आहे ते घरातच.

आता तुमचं. व्हिडिओचा नाद सोडा, नुसता आवाज घ्या. कॅमेरा समोर आला की म्हातारा माणूस कॉलर नीट करतो आणि भाषण द्यायला लागतो. मोबाईल त्यांच्या जवळ ठेवा, खाली पंचा घडी करून, पंखा बंद, टीव्ही बंद. त्यांना सांगून ठेवा मात्र, चोरून अजिबात नाही. सुरुवातीला तुम्ही स्वतः तारीख आणि गाव बोला म्हणजे पुढं कोणाला शोधायला बरं. तारीख चुकली, नदीचं नाव चुकलं तर मध्ये दुरुस्त करू नका, दुरुस्त्या तुमच्या वहीत. ऐकायला कमी येत असेल तर प्रश्न मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दाखवा. त्याहून चांगलं म्हणजे त्या भागाचा नकाशा मोठा छापून पुढ्यात ठेवा, कमालपूर, शेरपूर, जमालपूर, टांगाईल ठळक करून. माणूस बोट ठेवतो आणि बोट चालायला लागतं. आणि लिहून काढताना त्यांची बोली तशीच ठेवा, "व्हतो" चं "होतो" करू नका, कृपा करून.

कागदपत्रं. डिस्चार्ज बुक शोधा, ट्रंकेत असेल, त्यात नंबर, भरतीची तारीख, कुठली मेडल मिळाली ते असतं. सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. ७१ ला पूर्वेकडं होते म्हणजे पूर्वी स्टार असणार, आणि संग्राम मेडल. पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार. पप्पू, तुझ्यासाठी पण हेच, आजोबांची मेडल हातात घे आणि गोल मेडलची कड उजेडात धरून बघ, कडेला नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेलं असतं. तिथनं सुरुवात कर. काही हरवलं असेल तर साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, सांगलीलाही आहे, तिथले लोक कुठल्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं ते सांगतात. मराठा पलटणींचं सेंटर बेळगावला, तिथं म्युझियम पण आहे. आबांना प्रवास झेपत असेल तर एकदा घेऊन जा, गेटवरचा जवान जय हिंद म्हणाला की बघा त्यांचा चेहरा.

तासगावचा एक माजी सैनिक:

सगळं छान चाललंय. मला एकच म्हणायचंय. मी ७१ चा नाही, मी श्रीलंकेला शांतिसेनेत होतो, ८७ ते ९० मधला. जाफनाकडं. ताडाची झाडं, लाल माती, रस्त्यात पुरलेले सुरुंग, आणि समोरचा कोण आहे ते ओळखू येत नाही, लुंगीतला पोरगा सायकलवरनं जातोय, तो शेतकरी पण असू शकतो. आमचे जवळजवळ १२०० लोक तिकडं कामी आले. मार्च ९० मध्ये शेवटचे जवान परत आले तेव्हा गावागावात काही मिरवणुका निघाल्या नाहीत. आम्ही पण आज साठीच्या पुढं आहोत, आणि आमच्या पोरांनी आम्हाला कधी काही विचारलेलं नाही, कारण जिंकलेल्या लढाईचं सगळेच विचारतात. मास्तर, तुमच्या शाळेतल्या पोरांना आमच्याकडं पण पाठवा. मी बोलेन. मला बोलायचंय.

शाळामास्तर साताराकर:

फौजी दादा, तुम्हाला मेसेज केलाय. या महिन्यातच येतो, पोरांना घेऊन.

रहिमतपूरची नात:

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं वाचून मी आईला पण वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही. मामाला पण पाठवलंय.

मास्तरांनी सांगितल्यासारखा नकाशा मोठा छापून आणला आणि काल दुपारी आबांच्या पुढ्यात ठेवला. मोबाईल दाखवून सांगितलं आबा आवाज धरतेय, चालेल ना, तर म्हणाले धर. मी कागदावर लिहून विचारलं, खायला काय होतं? आणि खरंच सुरू झाले. शंकरपाळ्यासारखी कडक बिस्किटं, चहा मिळाला तर दिवाळी. गावातले लोक जय बांगला ओरडत यायचे आणि ज्याच्या घरात काही नाही तो पण भात घेऊन यायचा, एका म्हातारीनं केळीच्या पानावर भात दिला आणि तिच्या घराला छप्पर नव्हतं, जळालेलं. आबा म्हणाले, "तो भात मी खाल्ला आन् मग मला लढाई का चाललीय ते कळलं." हे वाक्य मी वहीत पहिल्या पानावर लिहिलंय. नदीचं पण सांगितलं, रात्रीची नाव, कोणी खोकायचं नाही, वाळूत पाय रुतायचे. मग बोट नकाशावर जमालपूरच्या खाली टांगाईलच्या रस्त्यावर आलं आणि तिथं थांबलं. मी काही विचारलं नाही. मोबाईल बंद केला, चहा ठेवला.

संध्याकाळी त्यांनीच हाक मारली. 'पुढं बग' म्हणणारा कोण होता ते सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही, काकांना कळेल. एवढंच लिहिते की तो पण आपल्याच जिल्ह्यातला, आणि आबांना आता त्याच्या पलटणीतलं, त्या साली तिथं असलेलं कोणीतरी भेटायला पाहिजे. एकट्यानं नाही म्हणाले, दोघं तिघं बसू मग बोलू. म्हणून आता माझी विनंती आहे, वाईपासून जतपर्यंत कुठंही, तुमच्या गावात, पाहुण्यात, ७१ ला जंगी पलटणमध्ये असलेलं कोणी हयात असेल तर मला मेसेज करा, नाव इथं उघड टाकू नका. गाडी आहे, मी स्वतः आबांना घेऊन येईन. सकाळी लवकर निघू, त्यांना ऊन सोसत नाही.